शेपटीसाठी काज

वेटोळे हे त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव मला माहीत होतं, पण पंचवीस वर्षांत ते वापरायची एकदाही वेळ न आल्यामुळे आता आठवत नाही. आमच्या वाद्यवृंदात सगळे त्यांना वेटोळेच म्हणतात, कारण जगातली कुठलीही वायर सैल लोंबताना त्यांना बघवत नाही. वायर दिसली की डावा हात आपोआप पुढे होतो. मग उजव्या हाताने एक फेरा सुलटा, एक फेरा उलटा, असं करत तिचं ताटाएवढं वेटोळं होतं आणि काळ्या दोऱ्याने दोन ठिकाणी बांधलं जातं. एक फेरा सुलटा नि एक उलटा घेतला की पुढच्या वेळी वायर पीळ न पडता उलगडते, हे शास्त्र ते कुणालाही आणि कुठेही समजावून सांगतात. एका बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना सांगत होते. पाळणा थांबल्यावर बाळाने त्यांना थांबवलं.

एकदा तापाने आजारी पडले तेव्हा त्यांना सलाइन लावलं होतं. नर्स दहा मिनिटांनी येऊन बघते तर नळीचं सुबक वेटोळं होऊन ते खांबाला बांधलेलं, आणि सलाइन बंद. वेटोळे म्हणाले, "पायात येत होती हो." नर्सने ते सोडलं. ती वळल्यावर यांचा हात पुन्हा नळीकडे जात होता, म्हणून वहिनींनी दोन दिवस तो हात धरून ठेवला. बघणाऱ्यांना वाटलं, काय प्रेम आहे.

त्यांचा धंदा ध्वनिव्यवस्थेचा. स्पीकर लावायचे, माइक लावायचे आणि सभागृहाच्या शेवटच्या टोकाला मिक्सर नावाचं शंभर बटणांचं टेबल घेऊन बसायचं. कार्यक्रम रंगला की लोक गाणाऱ्याचं कौतुक करतात, बिघडला की मान वळवून मागे वेटोळ्यांकडे बघतात. त्यामुळे तीस वर्षांत त्यांनी लोकांचे फक्त रागावलेले चेहरे पाहिले आहेत. खूश माणूस समोरून कसा दिसतो, हे त्यांना घरातल्या फोटोंवरून माहीत आहे.

मी त्याच वाद्यवृंदात निवेदन करतो, म्हणजे दोन गाण्यांच्या मधे लोकांना खोकून घ्यायला वेळ मिळावा म्हणून बोलतो. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक मी विंगेत उभा राहून पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलं नाही ते वहिनींनी सांगितलेलं आहे. म्हणजे ते जास्त खरं.

वेटोळ्यांची धाकटी बहीण आमची मुख्य गायिका. ते तिला लहानपणापासून चिमणी म्हणतात. ही चिमणी आता बावन्न वर्षांची आहे आणि दोन जिने चढली की तिसऱ्याच्या पहिल्या पायरीवर टेकते. आम्ही बाकीचे आदर म्हणून पुढे ताई जोडतो. चिमणीताईंचा गळा असा की रियाजाला नुसत्या गुणगुणल्या तरी शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबावं. पण स्टेजवर त्या गुणगुणू शकत नसत. त्यांच्या पाठीमागे आमचा ड्रमवाला बसतो. त्याला आम्ही भूकंप म्हणतो. स्वभावाने अगदी गरीब. मुंगी दिसली तरी पाय उचलून घेईल. फक्त हातात काठ्या नकोत.

आता गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी एक तिरपा स्पीकर ठेवतात. लोकांकडे पाठ, गाणाऱ्याकडे तोंड. त्याला मॉनिटर म्हणतात. भूकंपाच्या गडगडाटात चिमणीताईंना मॉनिटर ऐकू येईना, की त्या गाता गाता कमरेजवळ एक बोट वर करत. म्हणजे, दादा, वाढव. वेटोळे मागे बसून वाढवत. मॉनिटर वाढला की भूकंपाला स्वतःचे ड्रम ऐकू येईनात, म्हणून तो जोर लावी. मग पुन्हा बोट वर. असं पंधरा वर्षं चाललं. शेवटी शेवटी पहिल्या रांगेतल्या लोकांच्या चष्म्यांना कंप सुटे आणि चिमणीताई नाजूक विरहगीतसुद्धा पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारावी तशा गात.

मध्यंतरात भावाबहिणीचं ठरलेलं भांडण होई.

"दादा, वाढव म्हटलं तर वाढवत का नाहीस?"

"वाढवलाय."

"मग मला ऐकू का येत नाही?"

"तू लहानपणापासून कुणाचं ऐकलंयस?"

मग गेल्या वर्षी एक दिवस चिमणीताई सकाळी उठल्या आणि घशातून आवाजच येईना. आला तो दार करकरल्यासारखा. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावरच्या दोन बारीक गाठी पडद्यावर दाखवल्या.

"या गाण्याने झालेल्या नाहीत," ते म्हणाले. "ओरडण्याने झाल्यात. घरी फार भांडणं होतात का?"

चिमणीताईंनी वहीवर लिहून दिलं, 'फक्त भावाशी. पण त्याने गाठी त्याला यायला हव्या होत्या.'

तीन महिने मौन. एक अवाक्षर बोलायचं नाही. वही गळ्यात दोरीने अडकवलेली. भांडणं त्याही काळात झाली, पण समोरच्याचं सावकाश लिहून होईपर्यंत हात बांधून थांबायचं, मग चष्मा शोधून ते वाचायचं आणि मग चिडायचं, या कामात वेटोळ्यांची पार दमछाक झाली. तीन महिन्यांनी गाठी बसल्या. डॉक्टर म्हणाले, "आता गा. पण टेबलापलीकडच्या माणसाशी बोलावं तेवढ्याच जोरात. पुन्हा ओरडलात आणि गाठी आल्या, तर मग मी कसलीही खात्री देणार नाही."

चिमणीताईंनी त्या खोलीतच ठरवलं. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू आला तर गायचं. नाही आला, तर पुन्हा ओरडायची पाळी आणायची नाही, गाणंच सोडायचं. हे त्यांनी भावाला सांगितलं तेव्हा वही नव्हती. मऊ, हळू आवाजात सांगितलं.

त्या दिवसापासून वेटोळे घरात गप्प गप्प झाले. वहिनींनी विचारलं तर म्हणाले, "ती बोट वर करायची आणि मी वाढवायचो. पंधरा वर्षं. एकदा तरी उठून स्टेजवर जायचं आणि विचारायचं, की बाई, तुला ऐकू का येत नाही. पण मला वाटायचं, बटण माझ्या हातात आहे ना, मग झालं."

आणि मग एक दिवस ते काखेत खोकं घेऊन घरी आले. कानातला बिनतारी मॉनिटर. ज्या यंत्राला ते दहा वर्षं 'कानात बोळे घालून गायची सोय' म्हणून नावं ठेवत होते, तेच. खोक्यातून पहिल्यांदा निघाला एक चपटा लोखंडी डबा. तो ट्रान्समीटर, म्हणजे आवाज हवेत सोडणारा. मग पत्त्यांच्या कॅटएवढी डबी. ती रिसीव्हर, गाणाऱ्याच्या कमरेशी राहणारी, हवेतला आवाज पकडणारी. तिच्यात खोचायची इयरफोनची जोडी. डबीच्या डोक्यावर वीतभर लवचीक वायर होती, उंदराच्या शेपटीसारखी.

सोबत अकरा भाषांतली पुस्तिका होती. वेटोळ्यांनी ती न उघडताच बाजूला ठेवली, कारण तीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाने पुस्तिका उघडणं म्हणजे स्वयंपाक्याने पाणी कसं उकळतात ते विचारण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. पुस्तिका उचलली वहिनींनी. वहिनी कपडे शिवतात. त्यांचं शिलाईचं दुकान घराच्या खालीच आहे. चिमणीताईंच्या कार्यक्रमाच्या लांब निळ्या झग्याला कंबरपट्टा नव्हता, म्हणून डबीसाठी आतून लावायची पिशवी शिवायची होती. वहिनींना अकरांतली एकही भाषा येत नव्हती, पण चित्रं येत होती.

"अहो, हे शेपूट कशाला?"

"अँटेना आहे ती. हवेतला आवाज तीच पकडते."

"म्हणजे ती बाहेर राहायला हवी. चित्रात बाहेर आहे."

"हो, बाहेर."

वहिनींनी मापं घेतली आणि दुसऱ्या दिवशी निळ्याच कापडाची पिशवी आणली. डबीला घट्ट बसणारी, बॅटरी बदलता यावी म्हणून खालून उघडणारी, आणि वरच्या कोपऱ्यात शेपटी बाहेर काढायला एक काज. कोटाच्या बटणाला करतात तसं, चारही बाजूंनी दोऱ्याने विणलेलं.

गुरुवारी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. चिमणीताई खुर्चीवर, वहिनी कणीस सोलत, मी चहाला म्हणून आलेला. वेटोळ्यांनी मिक्सर मांडला. मिक्सरमधून लोकांकडे जाणारा आवाज एका वाटेने जातो. पण त्याला आणखी आडवाटा असतात, आणि प्रत्येक वाटेवर वेगळं मिश्रण पाठवता येतं. त्यांतली एक वाट त्यांनी चिमणीताईंसाठी राखली, वर चिकटपट्टी लावून 'चिमणी' असं लिहिलं, आणि तिथून एक वायर काढून ट्रान्समीटरच्या पाठीत खोचली. अँटेना फिरवून बसवली. वीज दिली. डब्याच्या तोंडावर आकडे उजळले.

"आता हवेत रिकामी जागा शोधायची," ते म्हणाले. डबीचं बटण दाबलं की ती आजूबाजूला कोण कोण बोलतंय ते ऐकते आणि रिकामी फ्रिक्वेन्सी सांगते. भरलेल्या बसमध्ये रिकामी सीट शोधावी तशी. ती सापडल्यावर त्यांनी डब्याचं आणि डबीचं तोंड समोरासमोर धरलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, एक दिवा लुकलुकला आणि जुळलं.

"एवढ्यात?" वहिनी म्हणाल्या. "आपल्या वेळी सहा महिने लागले."

डबीचा आवाज आधी शून्यावर, मग इयरफोन कानात, मग हळूहळू वर. हा क्रम त्यांनी बहिणीला तीनदा बजावला. माइक तिच्या हातात दिला. चिमणीताईंनी डोळे मिटले आणि अगदी ओठांतल्या ओठांत एक ओळ गुणगुणली. मग थांबल्या. डोळे उघडले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी अशी वाटते होय?"

"कशी?"

"बरी वाटते की."

मग त्या इयरफोन तसेच कानात ठेवून तीन जिने उतरल्या, वहिनींच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या, आणि वरून वेटोळे माइकमध्ये म्हणाले, "चिमणे, ऐकू येतंय का?" खालून त्यांनी हात हलवला. डबी त्यांच्या दुसऱ्या हातात होती, शेपटी वाऱ्यावर डुलत होती. वेटोळे खिडकीतून मागे वळले तेव्हा त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी पटकन आणखी एक कप चहा मागून घेतला.

फक्त एक गोष्ट चिमणीताईंना खुपत होती. "लोकांना वाटेल, म्हातारीला ऐकू येत नाही. कानात मशीन घालून गायला आली."

"कुणी बघत नाही," वेटोळे म्हणाले. "लोक गाणं ऐकायला येतात."

"दादा, तू तीस वर्षं लोकांच्या पाठी बघतोयस. मी समोरून बघते. लोक सगळं बघतात."

कार्यक्रम शनिवारी दुपारी चारला होता. पाणीपुरवठा खात्यातल्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा मेळावा. शनिवारी सकाळी निघायच्या आधी वेटोळ्यांनी सगळं सामान नीट भरलं. 'नीट' हा शब्द लक्षात असू द्या. ट्रान्समीटर कापडात, मिक्सर पेटीत, वायरी वेटोळी करून, दोरे बांधून, आकारानुसार एकावर एक. डबी वहिनींच्या पिशवीत घालून वरचं झाकण बटण लावून बंद. पिशवी चिमणीताईंच्या हाती देताना म्हणाले, "अशीच झग्याच्या आत लाव. बाकी काही हात लावू नकोस. सगळं नीट आहे."

निवृत्त माणसाला चारचं निमंत्रण दिलं की तो अडीचला येतो. आम्ही दोनला पोचलो तर पहिली रांग निम्मी भरलेली. मधोमध एक सडसडीत आजोबा बसले होते, एका कानात श्रवणयंत्र. ते आयुष्यभर रस्त्यावर काठी टेकून, काठीच्या दुसऱ्या टोकाला कान लावून, जमिनीखालचा पाइप कुठे गळतोय ते ऐकण्याच्या कामावर होते. हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मग डॉक्टरने छाती तपासावी तसा स्टेजच्या लाकडाला कान लावला आणि म्हणाले, "खाली पोकळ आहे."

वेटोळ्यांनी सभागृहाच्या मागच्या टोकाला मिक्सर मांडला, शेजारी ट्रान्समीटर. रिकामी जागा नव्याने शोधली, कारण इथली हवा वेगळी, इथले माइक वेगळे. डबी पिशवीतून न काढता, फक्त खालचं तोंड उघडून, डब्याशी पुन्हा जुळवली. चिमणीताई पिशवी लावून, इयरफोन घालून स्टेजवर उभ्या राहिल्या. पायाशी तिरपा मॉनिटर नव्हता. वेटोळ्यांनी तो मुद्दाम घरीच ठेवला होता. वाद्यवृंदाचे मास्तर कीबोर्डवर बसले, त्यांनी खूण केली, चिमणीताईंनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"दादा, खरखरतंय."

"आता?"

"आता काहीच नाही."

"आता?"

"आता तू अर्धा आलास. 'ता' ऐकू आलं."

वेटोळ्यांनी बॅटऱ्या बदलल्या. पिशवीचं खालचं तोंड उघडून नव्या घातल्या, तेच. फ्रिक्वेन्सी बदलली, तेच. मिक्सरपासूनची वायर बदलली, ट्रान्समीटरचा आवाज वाढवला, कमी केला, अँटेना काढून पुन्हा बसवली. मग ट्रान्समीटरच उचलून स्टेजच्या कडेला आणला आणि मिक्सरपासून तिथपर्यंत लांब वायर ओढली. आता चिमणीताई त्याच्याकडे वळून उभ्या राहिल्या की ऐकू येई. एक पाऊल बाजूला गेल्या की गायब.

"सभागृह भारलेलं आहे," मास्तर म्हणाले. "लोखंडी छप्पर. मी ऐकलंय, लोखंडी छप्पर आवाज खातं."

"छप्पर लाकडी आहे," वेटोळे म्हणाले.

"मग लाकूड खात असेल."

भूकंप हळूच म्हणाला, "मी ड्रम वाजवू की नको?" आणि काठ्या मांडीवर ठेवून बसला. पंधरा वर्षांत त्याला इतका घाबरलेला मी पाहिला नव्हता.

मधेच काठीवाले आजोबा पुढे वाकून चिमणीताईंना म्हणाले, "बाई, तुमच्या दोन्ही कानांना लागलं का? माझ्या एकाच. कुठून घेतलंत? दिसत नाही फारसं."

ज्या प्रश्नाची भीती होती तो नेमका या घडीला आला. चिमणीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, चाललं तर पत्ता देते."

साडेतीन वाजले. त्यांनी इयरफोन काढून गळ्यात सोडले, विंगेत आल्या आणि वहिनी बसल्या होत्या त्या बाकावर शेजारी टेकल्या. वेटोळे मागोमाग आले, हातात पेचकस. कशात घालायचा ते कळत नसलेला पेचकस.

"दादा, पुरे."

"पाच मिनिटं दे. मास्तरांकडे जुना मॉनिटर आहे, तो पायाशी लावतो, आजच्यापुरता—"

"आजच्यापुरता म्हणजे आज मी ओरडायचं." त्या हळूच बोलत होत्या, टेबलापलीकडच्या माणसाशी बोलावं तशा. "मला आज गावंसं वाटत होतं रे. गुरुवारी ऐकलं ना मी. पण नाही येत ऐकू, तर नाही. मास्तरांना सांग, दुसरं कुणीतरी बघा म्हणावं. आजही, आणि पुढेही."

वेटोळ्यांनी खाली पाहिलं. तिथे जमिनीवर विंगेच्या दिव्याची वायर सैल पडली होती. त्यांचा डावा हात पुढे गेला आणि ते उभ्या उभ्या तिचं वेटोळं करू लागले, एक फेरा सुलटा, एक फेरा उलटा, डोळे कुठेतरी लांब. दिवा ओढला जाऊन वाकडा झाला तरी थांबेनात.

वहिनी त्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी चिमणीताईंकडे पाहिलं.

"वन्सं, जरा उठा बघू. पाठ करा."

चिमणीताई उठल्या. झग्याच्या पाठीला आतून पिशवी लावली होती. वहिनींनी मागची चार बटणं सोडली आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"अहो, मी काज ठेवलं होतं."

"हो, छान झालंय काज."

"शेपटीसाठी ठेवलं होतं. काज रिकामं आहे. शेपटी कुठाय?"

वेटोळ्यांचे हात थांबले.

वहिनींनी पिशवीचं वरचं बटण काढून डबी बाहेर घेतली. तिच्या डोक्यावर, करंगळीच्या नखाएवढं, अत्यंत देखणं असं एक वेटोळं होतं. एक फेरा सुलटा, एक फेरा उलटा. काळ्या दोऱ्याने दोन ठिकाणी बांधलेलं, दोऱ्याची टोकं कापून बारीक केलेली. इतक्या छोट्या वायरीचं इतकं सुबक वेटोळं करायला किती हातोटी लागते, हे मला त्या परिस्थितीतही जाणवलं.

 वेटोळे म्हणाले, "मला माहीत होतं की ती अँटेना आहे."

"मग?"

"मला माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, शेजाऱ्याच्या मुलांकडे बघावं तसं. "लोंबत होती गं ती. पायात आली असती."

"कमरेवरची वायर पायात कशी येईल रे दादा?" चिमणीताई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. डॉक्टरांनी मोठ्याने हसायलाही मनाई केली होती म्हणून त्या तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता हसल्या. वहिनी तर सरळ बाकावर आडव्या झाल्या. "सलाइन," एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

दोरा सोडायला कात्री सापडेना. वहिनींनी दातांनी तोडला. शेपटी गुंडाळून राहिल्याने अजून वळलेली होती. तिला बोटांनी सरळ करून त्यांनी काजातून बाहेर काढली. वेटोळे उलट दिशेने मिक्सरकडे इतक्या वेगाने धावले की पहिल्या रांगेतल्या दोन आजींनी पाय वर घेतले. मिक्सरवरच्या छोट्या माइकमधून फक्त चिमणीताईंच्या कानात बोलता येत होतं.

त्या स्टेजच्या मधोमध उभ्या राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आम्हाला काही ऐकू येणार नव्हतं. मग एकाएकी त्यांनी कानावर हात ठेवला.

"दादा, हळू बोल," त्या म्हणाल्या. "मी बहिरी नाही."

जीव भांड्यात पडतो म्हणतात. त्या दिवशी विंगेत इतके जीव एकदम पडले की भांडं मोठं घ्यावं लागलं असतं. मास्तर लाकडी छपराकडे बघून नमस्कार करते झाले. चिमणीताई डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या, विंगेत येऊन गेल्या. सगळीकडे आवाज. भूकंपाने विचारलं, "आता?" आणि त्याला सगळ्यांनी एकदम हो म्हटलं, तेव्हा त्याने ड्रमवर काठी अशी टेकवली की जणू तिथे कुणी झोपलेलं आहे.

चारला पडदा उघडला. मी दोन मिनिटं बोललो, लोक खोकले. मग चिमणीताई पुढे आल्या आणि मी विंगेत परतून वेटोळ्यांकडे बघत उभा राहिलो. ते लांब, अंधुक दिव्यात, मिक्सरवर वाकलेले. उजवा हात 'चिमणी' लिहिलेल्या बटणावर. पंधरा वर्षं तो हात मॉनिटरच्या बटणावर एकाच गोष्टीची वाट बघत बसत आला होता.

गाणं सुरू झालं. संथ, अगदी टेबलापलीकडच्या माणसाला सांगावं असं. ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्याच्या दुसऱ्या ओळीत मधोमध एक वळण आहे, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आजवर ते आरडाओरड्यात वाहून जात होतं.

पहिलं कडवं संपलं आणि चिमणीताईंचा हात कमरेजवळ हलला. वेटोळे ताठ झाले.  पुन्हा तेच. बोट बाहेर आलं.

आणि खाली झालं.

कमी कर.

वेटोळे नुसते बघत राहिले. एवढ्या वर्षांत हा इशारा कधी आलाच नव्हता. त्यांच्या हाताला त्याची सवय नव्हती. त्यांनी बोटाकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, मग फार सावकाश, काही सांडेल अशा बेताने, बटण एक केसभर खाली वळवलं. चिमणीताईंनी मान हलवली. वेटोळे खुर्चीत मागे टेकले. मिक्सरवर बसलेला माणूस टेकलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

दोन तास कार्यक्रम झाला. एकदाही बोट वर गेलं नाही. मान वळवून कुणी मागे पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर मागे एक माणूस गालावर हात ठेवून गाणं ऐकत बसलेला दिसला असता.

संपल्यावर काठीवाले आजोबा स्टेजपाशी आले. "तीस वर्षं गळती ऐकली मी," ते म्हणाले. "तुमचा मागचाही कार्यक्रम ऐकलाय, तेव्हा ठिकठिकाणी गळत होतं. आज कुठे नाही." मग चिमणीताईंच्या कानांकडे बोट करून, "पत्ता देणार होतात."

"हे ऐकायचं मशीन नाही हो आजोबा."

"मग कशाचं आहे?"

चिमणीताईंनी क्षणभर विचार केला. "ऐकायचंच आहे," त्या म्हणाल्या, आणि वेटोळ्यांकडे बोट दाखवलं. "पत्ता त्यांना विचारा."

आवराआवर सुरू झाली. चिमणीताई झगा बदलून आल्या, डबी त्यांनी बाकावर ठेवली. शेपटी बाकाच्या कडेवरून खाली लोंबत होती. वेटोळे वायरी गोळा करत त्या बाजूला आले, थांबले, आणि त्यांचा डावा हात हळूहळू पुढे होऊ लागला.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि पडदा चिमणीताईंकडे वळवला. गाठी नव्हत्या. बाहेर वेटोळे, वहिनी आणि मी बसलो होतो. बहीण बाहेर आली ती बोलतच. "दादा, डॉक्टर म्हणाले, गा. पण तू परवा माझ्या कानात सबंध कार्यक्रमभर 'छान, छान' असं म्हणत होतास ना, ते बंद कर. माझं गाणं मला ऐकू येत नाही."

"चार वेळा म्हटलं असेन."

"अकरा. मी मोजले."

"म्हणजे लक्ष गाण्यात नव्हतंच तुझं."

जिना उतरेपर्यंत त्या दोघांचं चाललं होतं. डॉक्टरांच्या दारात उभं राहून वहिनी ऐकत होत्या. मोकळा, स्वच्छ आवाज होता चिमणीताईंचा. कुठे खरखर नाही, कुठे चढलेला नाही.

"भांडतायत," त्या मला म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून चष्मा काढून पुसला. "चला, बरं झालं."